‘आता या वयात किडनी बदलून काय करायचं?’

पत्राचा आशय: रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचं वय ६०, यजमानांचं ६७. यजमान एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. बीपी जुनं, त्यातूनच दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सव्वा वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, दुपारी तीनला परत यायचं आणि उरलेला दिवस अंथरुणावर काढायचा. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला. यजमानांचा रक्तगट बी, ताईंचा ओ, म्हणून ताईंचं नाव पुढे आलं. डोंबिवलीचा थोरला मुलगा म्हणतो, या वयात चिरफाड कशाला, बसवलेली किडनी फार तर सात-आठ वर्षं चालणार आणि त्यासाठी आईलाही कापायचं. पुण्याचा धाकटा म्हणतो, करून टाका. यजमान म्हणतात, ‘तुम्ही ठरवाल ते.’ भावकीत ‘बायकोची किडनी घेणार म्हणे’ अशी कुजबुज सुरू झाली आहे. ताईंना विचारायचं आहे की, सदुसष्टाव्या वर्षी बसवलेली किडनी खरंच किती टिकते आणि एवढं सगळं करण्यात अर्थ आहे का. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘मला भीती वाटते, पण घरात तसं बोलले तर मागे हटले असं होईल.’

ताई,

तुमच्या पत्राची शेवटची ओळ मी आधी घेते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. भीती वाटणं म्हणजे मागे हटणं नव्हे. धडधाकट माणसाने स्वतःचा एक अवयव काढून द्यायचा आणि त्याला भीती वाटू नये, ही अपेक्षाच चुकीची आहे. घरात बोलता येत नसेल तर बोलण्याची जागा कायद्याने ठेवली आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली २०१४ मध्ये जे नियम आले, त्यांत स्त्री दात्यासाठी मुद्दाम वेगळी खबरदारी सांगितली आहे. तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती किडनी घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी पडताळायची. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे चित्र वर्षानुवर्षं तसंच आहे. म्हणून हा नियम गरजेचा आहे.

तेव्हा तपासण्यांसाठी जाल तेव्हा प्रत्यारोपण समन्वयकाला सांगा, ‘मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय.’ मुलगा बाहेर थांबेल, यजमानही बाहेर थांबतील. मनात आहे ते सगळं तिथे बोला. ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा तुम्ही नाही म्हणू शकता. तुमची इच्छा असेल तर डॉक्टर घरच्यांना कारण न सांगता ‘या दाता म्हणून योग्य ठरत नाहीत’ एवढंच सांगू शकतात.

आता एक गोष्ट विचारू का? ‘माझा गट जुळला म्हणून माझं नाव पुढे आलं’ असं तुम्ही लिहिलंत. तुमचा ओ आणि त्यांचा बी, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांचा रक्तगट बी किंवा ओच असणार, आणि हे दोन्ही गट तुमच्या यजमानांना चालतात. रक्तगटापुरतं बोलायचं तर घरात तीन दाते आहेत. मग चर्चा एकट्या तुमच्याच नावाची का झाली? मुलांनीच द्यावी असा माझा आग्रह नाही. उलट चाळिशीतल्या माणसाला पुढची चाळीस वर्षं एका किडनीवर काढायची असतात. त्या मानाने ६७ वर्षांच्या नवऱ्याला ६० वर्षांच्या बायकोची किडनी हा वैद्यकीयदृष्ट्या समजूतदार पर्याय आहे. पण तो चौघांनी बसून निवडलेला हवा. बाईचं नाव आपोआप लागलं आणि मग ते कुणी खोडलं नाही, असं होऊ नये. निदान मुलांनी एकदा समोर बसून ‘आम्हीही आहोत’ एवढं म्हटलं, तरी तुमच्या होकाराला किंवा नकाराला मोकळेपणा येईल.

आता थोरल्याचा प्रश्न. त्याचा राग धरू नका. तो आईचं भलं बघतोय आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. फक्त त्याने हिशेबाला चुकीची पट्टी लावली आहे.

‘किडनी किती वर्षं चालते’ हा प्रश्न तिशीतल्या रुग्णाला जितका महत्त्वाचा, तितका सदुसष्टीतल्या रुग्णाला नाही. तिशीतल्याची पहिली किडनी थकते, मग पुन्हा डायलिसिस, पुन्हा दुसरं प्रत्यारोपण, असं आयुष्य असू शकतं. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांत वेगळंच दिसतं. बऱ्याच जणांची बसवलेली किडनी शेवटपर्यंत काम करत असते आणि माणूस हृदयविकाराने, जंतुसंसर्गाने किंवा कर्करोगाने जातो. आकडेवारीच्या एका पद्धतीत अशा मृत्यूचीही नोंद ‘किडनी गेली’ अशीच होते. त्यामुळे वयस्कांच्या किडनीचे आकडे वाचताना वाटतं की ती लवकर निकामी झाली. प्रत्यक्षात ती चालू होती, तिच्या मालकाचं आयुष्य संपलं. वय झाल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती थोडी मंदावते, म्हणून नवी किडनी नाकारण्याचे झटके तरुणांपेक्षा कमी येतात. त्याच कारणाने जंतुसंसर्ग मात्र जास्त होतात. म्हणजे तुमच्या घरात काळजी करायची ती किडनी किती वर्षं टिकेल याची कमी आणि तिच्यासोबत माणूस कसा टिकेल याची जास्त.

आणि ‘सात-आठ वर्षं’ कशाच्या तुलनेत कमी? थोरल्याच्या मनात बहुधा असं आहे की प्रत्यारोपण नाही केलं तर बाबा आहेत तसे राहतील. डायलिसिसवरचा माणूस आहे तसा राहत नाही. हृदयावर ताण येत राहतो, रक्तवाहिन्या कडक होत जातात, ताकद उतरते. डायलिसिसवर जितकी वर्षं जास्त जातात, तितका पुढे केलेल्या प्रत्यारोपणाचा फायदा घटतो. ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणणं हाही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत तुमचे यजमान मोजत असतात.

या तुलनेवर सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो अमेरिकेतल्या १९९९ सालच्या एका मोठ्या अभ्यासाचा. त्यांनी हुशारी ही केली की, प्रत्यारोपण झालेल्यांची तुलना डायलिसिसवरच्या सगळ्यांशी केली नाही. प्रतीक्षायादीत असलेल्या, म्हणजे ऑपरेशन झेपेल असं डॉक्टरांनी आधीच ठरवलेल्या लोकांशी केली. ६० ते ७४ वयोगटात यादीतच राहिलेल्यांचं पुढचं अंदाजे आयुष्य सहा वर्षं, तर मृत दात्याची किडनी मिळालेल्यांचं दहा वर्षं निघालं. पुढे २००७ मध्ये सत्तरीच्या पुढच्या रुग्णांचा असाच अभ्यास झाला. त्यातही प्रत्यारोपण झालेल्यांचा मृत्यूचा धोका यादीतल्यांपेक्षा ४१ टक्के कमी होता. हे आकडे अमेरिकेचे आहेत आणि निवडलेल्या रुग्णांचे आहेत. ते तुमच्या यजमानांच्या पत्रिकेसारखे वाचू नका. त्यांतून एवढंच घ्या की फक्त वय झालं म्हणून फायदा नाहीसा होत नाही.

पण त्याच १९९९ च्या अभ्यासातली दुसरी बाजू दाबून ठेवली तर मी तुमची फसवणूक केल्यासारखं होईल. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्यारोपण झालेल्यांचा मृत्यूचा धोका यादीतल्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. तो धोका बरोबरीला यायला साधारण साडेतीन महिने लागले, आणि सुरुवातीचे जादा मृत्यू भरून निघून जगणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखं व्हायला आठ महिने. तुमचे यजमान ड्रायव्हर होते, त्यांना हे एका शब्दात कळेल: घाट आधी आहे, सरळ रस्ता नंतर. जिवंत दात्याची किडनी असेल आणि हृदय ठीक असेल तर घाट लहान असतो. हृदय अशक्त असेल, मधुमेहाने पाय-डोळे पोखरले असतील, तर घाट लांबतो आणि एखाद्याचा तो पार होतही नाही. म्हणून ‘करून टाका’ म्हणणाऱ्या धाकट्यालाही मी थोडं थांबवेन. पुण्याहून ‘करून टाका’ म्हणणं सोपं आहे. त्या साडेतीन महिन्यांत रजा किती दिवस काढणार, हे त्याला विचारा.

मग वयाचं काय? २०२३ पर्यंत आपल्याकडे ६५ वर्षांवरच्या रुग्णांना मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवता येत नव्हतं. केंद्र सरकारने त्या वर्षी ती अट काढली, अधिवासाची अटही काढली. जगभरचे किडनीतज्ज्ञ ज्या मार्गदर्शक सूचना वापरतात, त्यांतही केवळ वयावरून कुणाला बाद करू नये असंच आहे. बघायचं असतं ते माणूस किती खंगला आहे. गेल्या वर्षात वजन आपोआप उतरलंय का? खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतं का? चालण्याचा वेग किती? हाताची पकड कशी? साध्या वाटणाऱ्या या गोष्टींवरून ऑपरेशननंतरचा मुक्काम किती लांबेल, भ्रम होईल का, परत भरती व्हावं लागेल का, याचा बराच अंदाज येतो. ६७ वर्षांचा माणूस अंगणातून टेकाडावरच्या आंब्यापर्यंत स्वतः चढून जात असेल तर तो पंचावन्नच्या खंगलेल्या माणसापेक्षा चांगला उमेदवार आहे. डायलिसिस नसलेल्या दिवशी ते काय काय करतात, ते आठवडाभर वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. रिपोर्टांच्या फाइलइतकाच त्या वहीचा उपयोग होतो.

यातली काही ताकद कमावताही येते. डायलिसिस नसलेल्या दिवशी रोज चालणं, उठाबशीचे सोपे व्यायाम, आणि आहारतज्ज्ञाला विचारून पुरेशी प्रथिनं. अनेक घरांत डायलिसिसवरच्या माणसाचं पथ्य इतकं कडक पाळतात की माणूस उपासमारीने खंगतो. शहाळं, फणस, केळं यांत पोटॅशियम खूप, ते टाळायलाच हवं. खारवलेली सुकी मासळी नको. करमलं (स्टार फ्रूट) तर किडनीच्या रुग्णाने तोंडालाच लावू नयेत, त्यातलं विषारी द्रव्य किडनी बाहेर टाकू शकत नाही आणि ते थेट मेंदूवर परिणाम करतं. पण ताजी मासळी, अंड्याचा पांढरा भाग हे बंद करण्याचं कारण नसतं.

हृदयाची तपासणी मनापासून करून घ्या. नुसत्या ईसीजीवर समाधान मानू नका. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवीच, आणि डॉक्टर म्हणाले तर अँजिओग्राफीही. प्रोस्टेट, दात, छातीत जुन्या टीबीच्या खुणा, काविळीच्या तपासण्या, लसी, हे सगळं ऑपरेशनच्या आधी उरकायचं असतं. नंतर जिवंत विषाणूंच्या लसी देता येत नाहीत.

आता तुमच्या स्वतःच्या तब्येतीचं. अमेरिकेतल्या दात्यांच्या १९९४ ते २००९ या काळातल्या नोंदींवरून, किडनी देण्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांत मृत्यू येण्याचं प्रमाण दहा हजारांत तीनच्या आसपास होतं. किडनी दिल्यावर पुढच्या आयुष्यात स्वतःची किडनी निकामी होण्याचा धोका दहा हजारांत ९० च्या घरात जातो. तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या माणसांत तो १४ आहे. धोका वाढतो हे खरं, आणि वाढूनही तो शंभरात एकापेक्षा कमी राहतो हेही खरं. उरलेली किडनी थोडी मोठी होऊन जास्त काम करू लागते. एक गेली म्हणून ताकद निम्मी होत नाही, साधारण दोन तृतीयांश राहते. मात्र तुम्हाला बीपी असेल, साखर सीमारेषेवर असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील, तर हे गणित बदलतं. अशा वेळी डॉक्टर नाही म्हणाले तर ‘माझं काय व्हायचं ते होऊ दे’ असं म्हणून त्यांना गळ घालू नका. सदुसष्टीतल्या माणसाला बरं करताना साठीतलं माणूस आजारी पाडायचं, हे कुणाच्याच हिताचं नाही.

आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणून खायच्या त्या गोळ्या! आपल्याकडे साठीतल्या बहुतेक बायकांच्या डब्यात त्या असतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं किडनीला मारक आहेत. किडनी द्यायची असेल तर त्या आजपासून बंद करा, न द्यायची असेल तरी बंद करा. ऑपरेशन दुर्बिणीतून झालं तर चार-पाच दिवसांत घरी सोडतात, पण दीड महिना हंडा-कळशी, गवताचा भारा, जड पातेली उचलायची नाहीत. तेवढ्या दिवसांची व्यवस्था आधी लावल्याशिवाय तारीख घेऊ नका. ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ म्हटलं की ती कामं तुम्हीच करणार, हे तुम्हालाही माहीत आहे.

तुमच्या यजमानांच्या ‘तुम्ही ठरवाल ते’ या उत्तराने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. त्यात बायकोवर ओझं नको ही भावना असेल, मुलांच्या पैशांची काळजी असेल, ऑपरेशनची भीती असेल किंवा ते खरंच थकले असतील. यांतलं प्रत्येक कारण वेगळं आहे आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा आहे. त्यांना ‘ऑपरेशन करायचं का’ असं विचारू नका, त्यावर तेच उत्तर येईल. ‘पुढच्या तीन-चार वर्षांत तुम्हाला काय काय करायचंय’ असं विचारा. नातवाला घेऊन कुठे जायचंय, गणपतीला स्वतः उभं राहून आरती म्हणायचीय, की फक्त घरात शांत बसायचंय? पहिल्या दोन्हींसाठी प्रत्यारोपणाची धडपड सार्थ होईल. तिसरं असेल आणि ते मनापासून असेल, तर त्याचाही मान ठेवायला हवा. शरीराने नवी किडनी नाकारू नये यासाठीच्या गोळ्या आयुष्यभर, ठरल्या वेळी, न चुकता घ्यायच्या आहेत त्यांनाच. मनातून तयार नसलेल्या माणसाला किडनी बसवली तर ती गोळ्या चुकल्यामुळेही जाते.

त्या गोळ्यांचंही सांगते, कारण गावात राहून हे निभावेल का हा तुमचा न विचारलेला प्रश्न आहे असं मला वाटतं. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही नेहमीची तीन औषधं. टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी घ्यायची आणि तिची रक्तातली पातळी तपासायची असते. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. कंपनी बदलायची तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, रेल्वे अडली, तर औषध येणार नाही. म्हणून निदान पंधरा दिवसांचा जादा साठा घरात असू द्या. या औषधांनी नव्याने मधुमेह होऊ शकतो आणि वयस्कांत तो जास्त होतो, त्यामुळे पथ्य सैल झालं तरी हापूसवर ताव मारता येईलच असं नाही. गावच्या डॉक्टरांनी सर्दी-खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन दिलं किंवा बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल दिलं तर टॅक्रोलिमसची पातळी एकदम चढते. टीबीच्या रिफॅम्पिसिनने ती कोसळते. झाडपाल्याचं औषधही किडनीतज्ज्ञाला न विचारता नको, कितीही विश्वासातल्या वैद्याचं असलं तरी. प्रत्यारोपण झाल्याचं आणि चालू गोळ्यांची नावं लिहिलेलं कार्ड खिशात हवं. ताप १०० च्या वर गेला की गावात इंजेक्शन घेऊन वाट बघायची नाही, आधी प्रत्यारोपण केंद्राला फोन.

कोकणात आणखी एक धोका आहे, तो शहरातल्या डॉक्टरांना सांगायचा राहून जातो. भातशेतीच्या चिखलातून होणारा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला तो झपाट्याने गाठतो आणि मुळात तो किडनीवरच घाला घालतो. म्हणजे तुम्हा दोघांनाही त्याची भीती, एकाला औषधांमुळे आणि दुसरीला एकच किडनी उरल्यामुळे. लावणीच्या चिखलात त्यांनी उतरायचं नाही. तुम्ही उतरलात तर गमबूट घालून, पायाला जखम नसताना. गोठ्याचं शेण-मूत त्यांच्याकडून काढून घ्यायचं नाही. विहिरीचं पाणी दोघांनीही उकळूनच प्यायचं. तिसऱ्या, कालवं असली शिंपल्यातली मासळी पूर्ण शिजवूनच खायची. कच्चं-अर्धं कच्चं काही नको.

पहिले तीन महिने गावात राहता येणार नाही, हे मात्र धरून चाला. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा तपासणी असते, ती रत्नागिरीहून मुंबईला येऊन-जाऊन जमणारी नाही. इथे थोरल्याचं घर कामाला येईल. त्याला ‘तू हो म्हण’ असं विचारण्यापेक्षा ‘तीन महिने आम्ही तुझ्याकडे राहिलो तर सूनबाईला झेपेल का, स्वतंत्र खोली आणि स्वच्छ संडास मिळेल का’ असं विचारा. विरोध करणाऱ्या माणसाच्या हातात ठोस काम दिलं की त्याची भीती नेमकी कशाची आहे ते कळतं. केंद्र निवडताना बरेच जण नाव ऐकून निवडतात. तुम्ही ‘पुढची दहा वर्षं तिथे जायला जमेल का’ हे बघा. दक्षिण रत्नागिरीतून कोल्हापूर जवळ पडत असेल आणि तिथे सोय असेल तर तोही विचार करा.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. तुम्ही निवडाल ते रुग्णालय या योजनेत आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा, आणि योजना संपल्यावर दर महिन्याच्या गोळ्या-तपासण्यांचा खर्च किती येईल तो आकडा लेखी मागा. ऑपरेशनचे पैसे घरं कशीही उभी करतात, दुसऱ्या वर्षीच्या गोळ्यांना हात आखडतो.

कागदपत्रांचं आत्तापासून बघा. पती-पत्नी कायद्याने जवळचे नातेवाईक आहेत, पण नातं कागदावर सिद्ध करावं लागतं. तुमच्या पिढीतल्या बहुतेकांकडे विवाह नोंदणीचा दाखला नसतो आणि माहेरचं-सासरचं नाव वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं असतं. ग्रामपंचायतीत जाऊन आत्ताही विवाह नोंदवता येतो. लग्नाचा फोटो, मुलांचे आई-वडिलांची नावं असलेले जन्मदाखले, रेशनकार्ड एकत्र काढून ठेवा. याच एका कारणाने कित्येकांचं ऑपरेशन महिनोन्महिने लांबतं.

दुसरे पर्यायही उघडे ठेवा. मृत दात्याच्या किडनीसाठी यजमानांचं नाव नोंदवून टाका. वाट मोठी असते आणि बोलावणं आलं की काही तासांत पोचावं लागतं, तरी नाव नोंदवल्याने तुमच्या जिवंत दानाचा मार्ग बंद होत नाही. युरोपात १९९९ पासून ६५ वर्षांवरच्या मृत दात्यांच्या किडन्या ६५ वरच्या रुग्णांना जवळच्या जवळ देण्याची वेगळी योजना चालते, म्हणजे ‘म्हाताऱ्या’ किडनीलाही किंमत आहे. तपासण्यांत हृदयाने नकार दिला तर घरच्या घरी पोटातून करायचं डायलिसिस आहे. पहाटे साडेपाचचा प्रवास त्यात वाचतो. त्याला स्वच्छ कोपरा आणि शिकून घेतलेला हात लागतो. पत्र वाचणाऱ्यांपैकी कुणाचे आई-वडील ऐंशीच्या घरात असतील, सोबत दोन-तीन मोठे आजार असतील, तर त्यांच्यासाठी डायलिसिस न करता त्रास कमी ठेवणारे उपचार हाही सन्मानाचा पर्याय आहे. त्या वयात डायलिसिसने आयुष्य फारसं वाढतंच असं नाही.

भावकीचं काय करायचं? काही करू नका. त्यांच्यापैकी कुणी पहाटे साडेपाचला तुमच्याबरोबर गाडीत बसलेलं नाही.

माझं मत विचाराल तर, तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून तुमचे यजमान तपासणीला जाण्याइतके नक्कीच योग्य वाटतात. तपासणीला जाणं म्हणजे होकार नव्हे. पुढच्या पंधरा दिवसांत त्यांचा इको आणि किडनीतज्ज्ञांची भेट ठरवा. त्याआधी एका रविवारी दोन्ही मुलांना घरी बोलवा आणि रक्तगटाचा विषय तुम्हीच काढा. आणि दात्याच्या तपासणीच्या पहिल्या दिवशी, सुई टोचायच्या आधी, समन्वयकाकडे ती एकटीची वेळ मागून घ्या. तिथे काय बोललात ते मला कळवायची गरज नाही. पण हृदयाच्या तपासणीत काय निघालं ते जरूर लिहा, त्यावरून पुढचं बोलता येईल.